उत्पन्न व्यक्तीचे की देवाचे? चिंचवडच्या देवांवरील एका ग्रंथाच्या निमित्ताने

आपल्या नियतकालिकांतून ग्रंथपरीक्षणे येतात ती बहुधा आध्यात्मिक किंवा ललित ग्रंथांची. महसुलाच्या दप्तरांतून सिद्ध झालेला एक इतिहासग्रंथ, तोही एका गणेशोपासक घराण्याविषयीचा, धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. लॉरेन्स प्रेस्टन यांचा 'द देव्ज ऑफ चिंचवड' हा इंग्रजी ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केला. 'महाराष्ट्रातील एक घराणे आणि राज्यसंस्था' अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक आहे. धर्मसंस्थेच्या उत्पन्नावर राज्याचा हक्क कितपत पोहोचतो, या प्रश्नाची तीन शतकांची कहाणी आपल्याच परिसरात घडून गेली आहे, आणि ती वाचल्यावाचून ख्रिस्तसभेच्या आजच्या करविषयक वादांचा नीट उलगडा होत नाही. हेच ते प्रयोजन.

शिवाय हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यातील आपली अनेक कुटुंबे वसई, गोवा, मंगळूर, अहिल्यानगर किंवा केरळ येथून कारखान्यांच्या मागोमाग आली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग बजाज आणि टेल्को आल्या, पुढे चाकणला परदेशी मोटारींचे कारखाने आले. या कामगारांच्या नि कारकुनांच्या घरी कर म्हणजे पगाराच्या स्लिपवरचा आकडा. पगार हाती पडण्याआधीच तो कापलेला असतो. ज्या नगरीत ते राहतात तिचे वैभवही जकातीवर उभे राहिले. २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. रुपयाला रुपया कर भरणारा हा माणूस रविवारी ज्या ख्रिस्तमंदिरात गुडघे टेकतो, त्या मंदिराने कर भरावा की नाही, हा त्याच्या दृष्टीने केवळ तात्त्विक विषय असू शकत नाही.

आता ग्रंथाकडे वळू. पवनेच्या काठी मोरया गोसावी यांची समाधी आहे. त्यांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत श्रीगणेशाचा अंश अवतरला अशी श्रद्धा असल्यामुळे त्या घराण्यातील पुरुष 'देव' म्हणूनच ओळखले गेले. मोगल, मराठे आणि इंग्रज या तिन्ही राजवटींनी या घराण्याशी कसा व्यवहार केला, इनाम गावे कशी मिळाली, कशी टिकली आणि त्यांचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रेस्टन यांनी घेतला आहे. इनाम म्हणजे राजाने धर्मादाय म्हणून दिलेली जमीन, एवढीच आपली ढोबळ समजूत असते. वस्तुतः देण्यात येई तो राज्याचा महसुलाचा हक्क. कुणब्याने सारा भरायचाच. फक्त तो सरकारी खजिन्यात न जाता देवस्थानाकडे जाई. म्हणजे आज आपण ज्याला करमाफी म्हणतो तिचे हे पूर्वरूप होते, आणि त्यात माफी रयतेला नव्हती. ती घेणाऱ्याला होती.

१८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या घराण्याविषयी दोन आख्यायिकावजा नोंदी आहेत. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर ग्रंथाचा विषय चटकन ध्यानात येतो. पहिलीत बादशहा देवांची परीक्षा पाहण्यासाठी मांसाचे ताट पाठवितो, त्याची फुले होतात आणि प्रसन्न झालेला बादशहा आठ गावे वंशपरंपरेने देतो. दुसरी नोंद १८१० सालची आहे. सातव्या पिढीबरोबर थेट वंश संपला, तेव्हा देवस्थानाची मौल्यवान मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून पुजाऱ्यांनी दूरच्या एका नातेवाइकाला रिकाम्या गादीवर बसविले, असे गॅझेटियर सांगते. पहिल्या कथेत दैवी चमत्कारामुळे उत्पन्न मिळते. दुसरीत उत्पन्न राहावे म्हणून दैवी परंपरा पुढे चालू ठेवावी लागते. गॅझेटियरचा इंग्रज कारकून पूर्वग्रहाने लिहीत असेल हे गृहीत धरूनही, या दोन टोकांमधील अंतर विचार करायला लावणारे आहे.

यातच त्या कळीच्या प्रश्नाचा उगम आहे. इनाम व्यक्तीला दिलेले की देवाला? एरवी उत्तर सोपे असते. मूर्तीच्या पूजेसाठी दिले ते देवस्थान इनाम, शास्त्रीबुवांना दिले ते वैयक्तिक. परंतु जिथे माणूसच देव मानला जातो, तिथे ही रेषा कुठे ओढावी? पेशवाईत हा प्रश्न फारसा कोणी ताणला नाही, कारण राजा आणि रयत एकाच श्रद्धेच्या छत्राखाली होते. इंग्रज आले आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने दख्खनभरच्या इनामदारांकडे सनदा मागितल्या, तेव्हा श्रद्धेने पुसट ठेवलेल्या रेषा कागदावर ठळक कराव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतरही या वर्गीकरणाचे महत्त्व संपले नाही. १९५२ च्या कायद्याने मुंबई राज्यातील वैयक्तिक इनामे रद्द झाली. धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली गेली. एका शब्दावर गावेच्या गावे अवलंबून होती.

प्रेस्टन यांच्या ग्रंथाचे मोल असे की, श्रद्धेचा उपहास वा उदोउदो न करता ते तिचा महसुली इतिहास मांडतात. त्याची मर्यादा मात्र उपशीर्षकातच सूचित झाली आहे. घराणे आणि राज्य हे दोन पक्ष तिथे आहेत. ज्याच्या साऱ्यातून हे सर्व चालले तो शेतकरी, आणि ज्याच्या भावभक्तीमुळे गादीला अर्थ होता तो भक्त, हे त्या चौकटीत कडेला उभे राहतात. दप्तरांवर विसंबून लिहिलेल्या इतिहासाचे हे अटळ प्राक्तन असावे. तरी करमाफीचा विचार करताना तिसऱ्या पक्षाला विसरून चालत नाही, हा धडा वाचकाने आपल्या पदरचा घालावा.

याच परिसरात, चिंचवडपासून थोड्याच अंतरावर, इंद्रायणीकाठी देहू आहे. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही परंपरेने जपलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या पिढ्यांत देहूच्या संस्थानालाही इनाम गावे मिळालीच. राजाश्रय नाकारणारा संत आणि राजाश्रयावर उभी राहणारी संस्था ही एकाच परंपरेची दोन रूपे असू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. संस्थेला छप्पर लागते, दिवाबत्ती लागते, अन्नदान लागते. तिला उत्पन्न नको असे म्हणणे हा भाबडेपणा होईल.

इथे ख्रिस्ती वाचकाने देवांच्या कहाणीकडे त्रयस्थपणे पाहून सुस्कारा सोडू नये. आपली स्वतःची वही याहून स्वच्छ नाही. गोव्यात तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. पुढे साष्टीतही तोच क्रम चालला. पोर्तुगालच्या राजाकडे पाद्रुआदोच्या अधिकाराने ख्रिस्तसभेचा खर्च आणि नेमणुका दोन्ही होत्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ज्या ग्रंथापासून मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ आपण अभिमानाने सांगतो, तो ग्रंथ अशा राज्यपोषित ख्रिस्तसभेच्या अंगणात जन्मला, हे सांगताना त्याच्या काव्यगुणांना बाध येत नाही. परंतु राज्याच्या खजिन्यातून धर्म पोसला गेला तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी देव्हाऱ्यातील तेल आटले होते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

भारतीय संविधानाने हा सारा पूर्वेतिहास डोळ्यांपुढे असताना मार्ग काढला. २५ व्या आणि २६ व्या कलमांनी धर्मस्वातंत्र्य आणि धर्मसंस्थांच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचे उत्पन्न खर्ची पडणार असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे २७ व्या कलमाने ठरविले. मात्र धर्मसंस्थेवर कर बसविताच येणार नाही, असे संविधान कुठेही म्हणत नाही. करमाफी ही संविधानाची देणगी नाही. ती कायदेमंडळाची सवलत आहे.

या विचाराची पहिली मोठी कसोटी आपल्याच राज्यात लागली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याला वेजलपूरच्या एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिले. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती मुखर्जी यांचे ते निकालपत्र वाङ्मय म्हणूनही वाचण्याजोगे आहे. धर्म म्हणजे केवळ अंतःकरणातील श्रद्धा ही संकुचित व्याख्या ते स्वीकारीत नाहीत. विधी, आचार, समारंभ हेही धर्माचेच अंग, असे ते म्हणतात. एखाद्या समाजाची अमुक श्रद्धा आहे असे दिसल्यावर तिच्या खरेखोटेपणाचा न्यायनिवाडा करणे हे ऐहिक न्यायासनाचे काम नाही, हा मुंबई उच्च न्यायालयातील एका जुन्या पारशी खटल्याचा दाखलाही ते देतात. म्हणूनच धर्मादाय आयुक्ताला धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद त्यांनी रद्दबातल ठरविली. तथापि हिशेबतपासणी आणि नोंदणी यांना त्यांनी हात लावला नाही. न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी हीसुद्धा कर नसून देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे, म्हणून ती वैध आहे, असा निर्वाळा दिला. श्रद्धा न्यायालयाच्या कक्षेबाहेर, वही मात्र कक्षेत, असा हा विवेक आहे.

आता या विवेकाच्या उजेडात आपल्या ताज्या वादाकडे पाहू. अनुदानित शाळांतून शिकविणाऱ्या धर्मभगिनी आणि धर्मगुरू यांच्या पगारातून आयकर कापावा की नाही? १९४४ आणि १९७७ च्या सरकारी परिपत्रकांच्या आधारे अनेक वर्षे तो कापला जात नव्हता. २०१४ च्या अखेरीस तमिळनाडूत आयकर खात्याने कपातीचा आदेश दिला, प्रकरण न्यायालयात गेले, मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मार्च २०१९ मध्ये खात्याच्या बाजूने कौल दिला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने या विषयावरील ९३ याचिका फेटाळल्या. पगार व्यक्तीच्या नावे दिला जातो, म्हणून ते तिचे उत्पन्न. पुढे ती ते संघाला अर्पण करते हा तिचा प्रश्न, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

आपल्या संघांचा युक्तिवाद असा होता. दारिद्र्याचे व्रत घेतलेली धर्मभगिनी धर्मनियमांप्रमाणे मालमत्तेच्या दृष्टीने जणू मृत झालेली असते. ती जे मिळविते ते आरंभापासूनच संघाचे असते. व्रताचे हे वर्णन धर्मशास्त्रदृष्ट्या यथार्थ आहे. परंतु हा युक्तिवाद टीकाकाराच्या दृष्टीने वाचला की त्यातील ताण लपत नाही. राज्याच्या लेखी जी मृत आहे, ती राज्याकडून नेमणूकपत्र, वेतन आणि निवृत्तिवेतन कशी स्वीकारते? ती हजेरीपटावर सही करते, वेतनवाढीला पात्र ठरते, नियमांनी बांधलेली असते. एका दालनात जिवंत आणि शेजारच्या दालनात मृत अशी ही अवस्था ऐहिक कायद्याला पटवून देणे कठीण होते. चिंचवडचा जुना प्रश्नच नव्या वेषात आला: हे उत्पन्न व्यक्तीचे की देवाचे?

माझ्या मते आपल्या पक्षाचा खरा तोटा खटला हरण्यात झाला नाही. व्रत हे परमेश्वराशी केलेले प्रेमाचे बंधन. ते करवजावटीच्या पुराव्यादाखल मांडले गेले, आणि त्यामुळे त्या व्रताचा अर्थ काय, त्याची व्याप्ती किती, याची उलटतपासणी करण्याचे आमंत्रण आपणच सरकारी वकिलाला दिले. ज्या क्षणी श्रद्धेवर उत्पन्न अवलंबून ठेवले जाते, त्या क्षणी श्रद्धा मामलेदाराच्या टेबलावर जाते. १९५४ च्या निकालाने जी रेषा आपल्या रक्षणासाठी ओढली, ती पुसण्याचे काम आपणच का करावे?

युरोपातील उदाहरण याहून बोलके आहे. जर्मनीत राज्य नोंदलेल्या सभासदांकडून त्यांच्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर गोळा करून ख्रिस्तसभेला देते. तो टाळायचा तर सरकारी कार्यालयात जाऊन आपण ख्रिस्तसभा सोडली असे लिहून द्यावे लागते. असे लिहून देणाऱ्याला संस्कारांपासून वंचित राहावे लागेल, असे तिथल्या बिशपांनी २०१२ साली जाहीर केले. कराच्या पावतीवर परमप्रसादाचा हक्क ठरू लागला, तर राज्य आणि धर्म यांमधील भिंत कोणत्या बाजूने खचली म्हणायचे?

याला एक भक्कम प्रत्युत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. न्यूयॉर्कमधील वॉल्झ नावाच्या करदात्याने अशी तक्रार केली होती की, चर्चला मालमत्ताकर माफ करणे म्हणजे माझ्याकडून चर्चला अप्रत्यक्ष वर्गणी घेणे होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ती तक्रार अमान्य केली. कर बसवायचा तर देवळाचे मोल ठरवावे लागेल, थकबाकी झाली तर जप्ती आणावी लागेल. त्यापेक्षा माफीतच राज्याचा हस्तक्षेप कमी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हे म्हणणे प्रार्थनास्थळापुरते मला पूर्ण मान्य आहे. वेदीची किंमत कोणत्याही मूल्यांकन अधिकाऱ्याने ठरवू नये. कर बसविण्याच्या अधिकारात दडपण्याची शक्ती असते, आणि अल्पसंख्य समाजाला तिचे भय वाटणे निराधार नाही.

परंतु माफीचा हा आधार प्रार्थनेपाशी संपतो. आपल्या महानगरपालिकेला लागू असलेला १९४९ चा कायदाही तिथेच थांबतो. त्याच्या १३२ व्या कलमाने केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतींना आणि जमिनींना सर्वसाधारण करातून सूट दिली आहे; जिथे व्यापार चालतो किंवा ज्या भागाचे भाडे मिळते, तिथे ती सूट लागू होत नाही. ख्रिस्तमंदिराला माफी, आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने दिलेल्या सभागृहाला कर, ही विभागणी मला न्याय्य वाटते. सभागृहासमोरचा रस्ता, गटारे आणि दिवे ज्यांच्या करातून होतात त्यांत आपल्याच धर्मग्रामातील कामगार आहेत. १९६१ च्या आयकर कायद्यानेही असाच विचार केला होता. एकाच धर्मसमाजाच्या वा जातीच्या लाभासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाला त्याच्या १३ व्या कलमाने माफी नाकारली होती. दान सर्वांसाठी असेल तर सर्वांच्या खजिन्याने वाटा उचलावा, आपल्यापुरते असेल तर आपण उचलावा, असा त्यामागील न्याय आहे.

शुभवर्तमानात नाण्यावरील मुद्रेचा प्रसंग सर्वांच्या तोंडी असतो. मत्तयाने सांगितलेला मंदिरकराचा प्रसंग मात्र क्वचितच आठवला जातो. करवसुली करणारे पेत्राला विचारतात, तुमचा गुरू मंदिराचा कर भरतो ना? येशू घरात पेत्राला समजावतो की, राजाचे पुत्र करातून मुक्तच असतात. तरीही कोणाच्या मनात अडथळा येऊ नये म्हणून माशाच्या तोंडातील नाण्याने तो दोघांचा कर भरायला लावतो. हक्क सिद्ध करूनही तो हक्कावर अडून बसत नाही. मंदिराचा कर आणि कैसराचा कर एक नव्हे, हे खरे. पण माफीचा अधिकार आणि माफीचा आग्रह यांतील भेद या प्रसंगातून जितका स्पष्ट होतो तितका तो क्वचितच दुसरीकडे होतो.

ग्रंथाच्या चौकटीतून निसटलेल्या तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे देणाऱ्याकडे, शेवटी वळले पाहिजे. राज्य माफी देते तेव्हा हिशेब मागते. पण हिशेब मागण्याचा त्याआधीचा हक्क, रविवारच्या दानपेटीत आपल्या पगारातील नोट टाकणाऱ्याचा आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधान संहितेतील ५३७ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असावे असे सांगतो, आणि १२८७ वा नियम श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा असे बजावतो. जिथे वर्षअखेरीचा जमाखर्च सूचनाफलकावर लागतो, तिथे धर्मादाय आयुक्ताचा निरीक्षक आला तरी धावपळ होत नाही. जिथे तो लागत नाही, तिथे निरीक्षकाच्या प्रत्येक प्रश्नात धर्मावरील आक्रमणाचा भास होऊ लागतो, आणि खरे आक्रमण आले तर त्याला ओळखणे अवघड होऊन बसते.

चिंचवडच्या देवांना सनदा सांभाळाव्या लागल्या, कारण त्यांचे उत्पन्न राजाकडून आले होते. आपले बहुतांश उत्पन्न आकुर्डीच्या, भोसरीच्या, चाकणच्या पाळ्यांतून येते. त्याची सनद म्हणजे देणाऱ्याचा विश्वास. प्रेस्टन यांचा ग्रंथ आपल्या धर्मग्रामाच्या वाचनालयात यावा, आणि त्याच्या शेजारी धर्मग्रामाच्या गेल्या वर्षीच्या जमाखर्चाची एक प्रतही कोणालाही चाळता येईल अशी ठेवलेली असावी.